कातडीवरचे शब्द

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने त्वचारोगांवर लेख लिहावा, हे पुष्कळांना अधिकाराबाहेरचे वाटेल. रोगाचे निदान करणे आणि औषध देणे हे डॉक्टरांचे काम. त्यात मी हात घालणार नाही. परंतु रोगी डॉक्टरांकडे पोचण्यापूर्वी त्याच्या रोगाला घरात एक नाव मिळालेले असते. कधी आजी ते नाव देते, कधी शेजारीण, कधी नाक्यावरचा औषधविक्रेता. रोग्याला पुढे माणसे कशी वागवतील, त्याच्या शेजारी कोणी बसेल की नाही, हे पुष्कळदा त्या नावावर ठरते. आणि नाव म्हणजे शब्द. शब्द हा आम्हा भाषेच्या विद्यार्थ्यांचा प्रांत आहे. तेवढ्याच आधारावर हे धाडस करीत आहे.

अंग, कातडी आणि त्वचा

आपल्या शरीरावरच्या या आवरणासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. 'कातडी' हा रोजचा शब्द. शंकराच्या 'कृत्तिवास' या नावात जी 'कृत्ति' आहे, तिचाच हा वंशज. 'कातडे' म्हटले की मेलेले जनावर आठवते. 'चामडी' हा रागाचा शब्द. ती लोळवायची असते. 'चर्म' समासापुरते उरले आहे : चर्मकार, चर्मोद्योग. आणि 'त्वचा' डॉक्टरांच्या पाटीवर व साबणाच्या जाहिरातीत राहते. 'आमच्या साबणाने कातडी मऊ होते' अशी जाहिरात कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

गंमत अशी की, दुखणे सांगताना आपण यांपैकी एकही शब्द वापरत नाही. आपण म्हणतो, 'अंगाला खाज सुटली', 'अंगावर पुरळ उठले', 'अंगावर पित्त आले'. बोलणाऱ्याच्या मनात कातडी ही शरीराहून वेगळी वस्तू नसतेच. कातडीवर आलेले ते अंगावर आलेले, म्हणजे आपल्यावरच आलेले! त्वचेचा रोग माणसाला इतर रोगांपेक्षा जास्त लाजवतो, त्याचे एक कारण येथे सापडते. पोटातला व्रण कोणाला दिसत नाही. गालावरचा डाग मात्र आपल्या आधी समोरच्याला भेटतो.

हे आवरण साधे नाही. मोठ्या माणसाची सगळी त्वचा पसरली, तर ती सुमारे दीड ते दोन चौरस मीटर भरेल. तिचा वरचा थर खालून सतत नवा होत असतो. तळाशी जन्मलेली पेशी वर येऊन झडून जायला साधारण ४ आठवडे लागतात. याच थराच्या तळाशी रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी असतात. गोऱ्या माणसात आणि सावळ्या माणसात या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. फरक असतो तो त्या किती आणि कोणत्या जातीचे रंगद्रव्य बनवतात, एवढाच. आपल्याकडील जुन्या वैद्यांनीही त्वचेचे थर मोजले होते. चरकसंहितेत ते ६ सांगितले आहेत, तर सुश्रुतसंहितेत ७. सुश्रुताने प्रत्येक थराला नाव दिले आणि त्याची जाडी भाताच्या दाण्याच्या मापात सांगितली. सर्वांत वरच्या थराचे नाव 'अवभासिनी', म्हणजे वर्ण प्रकट करणारी.

घरातली नावे

आता रोगांच्या नावांकडे वळू. यांतली बहुतेक नावे ज्याने प्रथम ठेवली, त्याने आधी नीट पाहिले होते, हे सहज ध्यानात येते.

'चामखीळ' घ्या. चाम म्हणजे कातडी आणि खीळ म्हणजे खिळा. संस्कृतातील 'चर्मकील' तो हाच. 'मस' म्हणजे 'मषक', 'तीळ' म्हणजे 'तिलकालक', आणि स्त्रियांच्या गालावर येणारा काळपट 'वांग' म्हणजे संस्कृतातील 'व्यंग'. आपण गालावरच्या डागाला वांग म्हणतो आणि शरीरातील उणिवेला व्यंग. दोन्ही शब्द सख्खे. सुश्रुताने या किरकोळ तक्रारींना 'क्षुद्ररोग' असे नाव देऊन एकत्र ठेवले आहे. त्या यादीत तारुण्यपीटिकाही आहेत. त्यांना तो 'मुखदूषिका' म्हणतो आणि सावरीच्या झाडाच्या काट्यांची उपमा देतो. ज्याने सावरीचे कोवळे खोड पाहिले आहे आणि वयाच्या सतराव्या वर्षी आरसाही पाहिला आहे, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

कामधंद्यातून आणि हवापाण्यातून आलेली नावे तर आणखी बोलकी आहेत. पावसाळ्यात भातलावणी करताना दिवसभर पाय चिखलात राहतात. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून कुजतात, त्या 'चिखल्या'. घामाने येते ते 'घामोळे'. खुरपे, कुदळ, चाक जिथे घासते तिथे 'घट्टे'. तळपायावर कातडी जाड होऊन आत टोचू लागते, ते 'कुरूप'. एवढ्याशा दुखण्याला असे नाव का मिळाले, हे त्यावर पाय ठेवून चालणाऱ्यालाच ठाऊक! डोक्यातून गळतो तो 'कोंडा'. धान्याचा कोंडा तसा हा डोक्याचा. येथे मला एक योगायोग आढळला. अंगावर किंवा डोक्यावर बारीक भुसा पडणाऱ्या काही रोगांना डॉक्टर 'पिटिरायसिस' म्हणतात. हा शब्द ग्रीक असून त्यातल्या 'पिटिरॉन'चा अर्थ धान्याचा कोंडा असाच आहे. अथेन्समधल्या वैद्याला जे दिसले, तेच आमच्या आजीला दिसले.

'गजकर्ण' हे नाव गणपतीच्या बारा नावांतही आहे, आणि मांडीवरच्या चट्ट्यालाही आहे. कडा उठलेला, मध्ये निवळत गेलेला आणि बाहेर पसरत चाललेला हा चट्टा बुरशीमुळे होतो. बुरशी मध्यापासून बाहेर वाढत जाते, म्हणून त्याला गोल आकार येतो. इंग्रजीत याला 'रिंगवर्म', म्हणजे कड्यासारखा किडा, म्हणतात. प्रत्यक्षात त्यात किडा नसतोच. संस्कृतात याला 'दद्रू' म्हणत. हिंदीत त्याचा 'दाद' झाला. मराठीत 'दाद' म्हटले की आपल्याला सरकारदरबारी मागायची किंवा गवयाला द्यायची दाद आठवते. ती फारसीतून आलेली, निराळीच.

गजकर्णाविषयी एक व्यावहारिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण वसतिगृहात राहणाऱ्या कित्येकांना ती उपयोगी पडेल. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या मलमाने खाज दोन दिवसांत थांबते. मग आपण ते मलम मित्रालाही देतो. अशा पुष्कळ मिश्र मलमांत जोरदार स्टिरॉइड असते. ते खाज आणि लाली दाबते, पण बुरशीला मारत नाही. उलट त्वचेची प्रतिकारशक्ती कमी करून बुरशीला मोकळे रान देते. चट्टा ओळखू न येण्याइतका बदलतो आणि मलम थांबवले की दुप्पट जोराने परततो. त्वचा पातळ पडते, ती वेगळीच. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना अशी मलमे विकली जाऊ नयेत, म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने नियम कडक केले. पण नियम दुकानदाराला बांधतो, मित्राला नाही!

'खरूज' हा शब्द संस्कृत 'खर्जू'पासून आला; आपली साधी 'खाज'ही त्याच घरातली. या रोगात मात्र खरोखरच किडा असतो. तो एक मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा असतो. त्याची मादी त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणून अंडी घालते. १६८७ साली इटलीतील बोनोमो आणि चेस्टोनी या दोघांनी सूक्ष्मदर्शकातून हा जीव पाहून त्याचे वर्णन केले. एखाद्या रोगाचे कारण म्हणून सूक्ष्म जीवाकडे बोट दाखवल्याचे हे फार जुने उदाहरण. रात्री वाढणारी खाज आणि बोटांच्या बेचक्यांतील पुरळ ही खरजेची ओळख. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून ज्याला खाज नाही, त्याच्याही अंगावर किडा असू शकतो. घरातील किंवा खोलीतील सगळ्यांनी एकाच वेळी उपचार घेतले, तरच खरूज जाते. 'खरूज घाणेरड्यांना होते' हा समज चुकीचा आहे. ती दाटीवाटीने राहणाऱ्यांना होते, आणि दाटीवाटी कोणी हौसेने निवडत नाही.

देवी आणि नागीण

काही नावे रूपावरून पडली नाहीत, भीतीवरून पडली. 'देवी' हे त्यांतले सर्वांत मोठे. रोगाचे नाव घेऊ नये, त्याला देवता म्हणावे, तिची 'ओटी भरावी', म्हणजे ती रागावणार नाही, अशी ही समजूत. नंतर लस आली आणि भाषेने एक विलक्षण गोष्ट केली. रोगाचे नाव तिने रोग टाळण्याच्या उपायालाही दिले. 'देवी आल्या' म्हणजे रोग झाला, 'देवी काढल्या' किंवा 'देवी टोचल्या' म्हणजे लस दिली! इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गाईच्या देवीपासून लस टोचण्याचा प्रयोग केला. भारतात ही लस प्रथम मुंबईत, १४ जून १८०२ रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचण्यात आली. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली आढळला, आणि मे १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर केले. आमच्या पिढीने देवीचा रोगी पाहिलेला नाही. आजोबांच्या दंडावरची गोल खूण मात्र पाहिली आहे. शब्द उरला, रोग गेला; असे भाग्य फार थोड्या शब्दांच्या वाट्याला येते.

'नागीण' हे दुसरे नाव. कांजिण्या बऱ्या झाल्यावर त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो मज्जारज्जूजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये वर्षानुवर्षे निजून राहतो. उतारवयात किंवा अशक्तपणात तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेवर येतो आणि त्या वाटेवर फोडांचा पट्टा उठतो. पट्टा नागिणीसारखा सरपटत गेलेला दिसतो, म्हणून नागीण. डॉक्टर याला 'हर्पिस झोस्टर' म्हणतात. 'हर्पिस' हा ग्रीक शब्द सरपटणे या अर्थाच्या धातूपासून आला आहे, आणि तो धातू आपल्या संस्कृतातील 'सृप्' धातूचा भाऊ आहे. त्याच 'सृप्'पासून 'सर्प' आला, आणि 'विसर्प' हे एका त्वचारोगाचे नावही आले. 'झोस्टर' म्हणजे कमरपट्टा. दोन्हीकडच्या लोकांना एकच प्राणी दिसला, हे पाहून भाषाशास्त्राच्या तासाला ऐकलेल्या भाषाकुलाचा मला पहिल्यांदा पुरावा मिळाल्यासारखे वाटले.

पण उपमा फार चांगली असली की तिच्यातून गोष्ट जन्म घेते. नागीण म्हटल्यावर तिला तोंड आणि शेपूट आले. मग 'तोंड शेपटीला टेकले की माणूस जातो' हा समज आला, आणि तोंड अडवण्यासाठी मंत्र, गेरूचे लेप आणि फुंकर आली. वस्तुस्थिती अशी की, एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूच्या पट्ट्याला जातो. म्हणून नागीण सहसा छातीच्या किंवा पाठीच्या मध्यरेषेवर थांबते. ती वेढा पुरा करीत नाही, आणि त्याचे श्रेय मात्र मांत्रिकाला मिळते. नुकसान दुसरीकडेच होते. विषाणूविरोधी औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केले, तर ते चांगले लागू पडते. हे तीन दिवस गेरूत जातात. डोळ्याजवळची नागीण असेल, तर दृष्टीला धोका पोचू शकतो. येथे एका सुंदर शब्दाची किंमत माणसाला मोजावी लागते.

कोड आणि कुष्ठ

आता ज्या दोन शब्दांसाठी हा लेख लिहायला घेतला, त्यांच्याकडे येते.

चरकसंहितेत 'कुष्ठ' हा शब्द एका रोगाचा नाही, तो मोठ्या कुळाचा आहे. त्यात ७ महाकुष्ठे आणि ११ क्षुद्रकुष्ठे अशी १८ नावे आहेत. खापरासारखे ते 'कापाल', पिकलेल्या उंबरासारखे 'औदुंबर', कमळाच्या पाकळीसारखे 'पुंडरीक', गुंजेसारखे 'काकणक'. आणि आपला गजकर्ण, म्हणजे दद्रू, तोही याच यादीत. म्हणजे ज्याला आज आपण कुष्ठरोग म्हणतो त्यापासून साध्या खाजेपर्यंत सारे एकाच छत्राखाली. पांढऱ्या डागांना जुना शब्द 'किलास' किंवा 'श्वित्र'. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात किलासावर सूक्ते आहेत. पुढे लोकव्यवहारात त्यालाच 'श्वेतकुष्ठ' म्हणू लागले, आणि गोंधळाची बीजे पडली.

संस्कृत 'कुष्ठ' प्राकृतातून उतरत आला आणि त्याचा हिंदीत 'कोढ़' व मराठीत 'कोड' झाला. परंतु दोन भाषांनी वारसा निरनिराळा घेतला. हिंदीतील 'कोढ़' म्हणजे कुष्ठरोग. मराठीतील 'कोड' म्हणजे केवळ पांढरे डाग. कुष्ठरोगासाठी मराठीने 'महारोग' आणि 'रक्तपिती' हे शब्द घेतले. त्यांचीही गत तशीच. सुश्रुताच्या ग्रंथात मोठे रोग ८ आहेत. वातव्याधी, प्रमेह, मूळव्याध, मुतखडा हे सारे त्यांत येतात. मराठीने सात सोडले आणि 'महा'पणाचा सगळा भार एकट्या कुष्ठावर घातला. आयुर्वेदातील 'रक्तपित्त' म्हणजे नाकातोंडातून रक्त पडण्याचा विकार; मराठीतील 'रक्तपिती' तो नव्हेच.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नाही. माझ्या आत्याच्या हातांवर आणि ओठांजवळ कोड आहे. तिच्या यजमानांची बदली काही वर्षांपूर्वी हिंदी मुलखातील एका शहरात झाली. घर पाहायला गेल्यावर घरमालकीण तिच्या हातांकडे पाहत राहिली. काही लपवू नये म्हणून आत्याने आपणहून सांगितले, "मुझे कोड है, पर ये फैलता नहीं." मालकिणीच्या कानांनी 'कोढ़' ऐकले. दुसऱ्या दिवशी आगाऊ दिलेले भाडे परत आले. कारण सांगितले गेले नाही. आत्याला ते कारण महिनाभराने, शेजारच्या एका बाईंकडून कळले. तेव्हापासून ती मराठी माणसांतही 'व्हिटिलिगो' म्हणते. मी तिला विचारले, "आत्या, एवढा अवघड शब्द कशाला?" ती म्हणाली, "अगं, त्याचा अर्थ कुणाला कळत नाही ना, म्हणून कुणी घाबरत नाही." मातृभाषेतला शब्द टाकून परक्या शब्दाच्या आडोशाला जावे लागणे, हे मला फार लागले. हा लेख त्या एका वाक्यातून निघाला, असे म्हटले तरी चालेल.

म्हणून या दोन रोगांतील भेद स्पष्ट सांगितला पाहिजे. कोडामध्ये रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी नाहीशा होतात. शरीराची स्वतःचीच संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर उलटते, असे आज मानले जाते. डाग दुधासारखा पांढरा असतो. तिथे स्पर्श, ऊन, गार, टोचणे सारे नीट कळते. कोड स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने, लग्नाने कोणालाही लागत नाही. अतिनील किरणांनी आणि औषधांनी पुष्कळांचा रंग काही प्रमाणात परत येतो. बावचीच्या बिया या डागांवर आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरल्या जात, आणि त्यांतील सोरालेन हे द्रव्य आधुनिक वैद्यकानेही किरणांच्या जोडीने वापरले. पण घरी बावची चोळून उन्हात बसू नये, त्वचा भाजते.

कुष्ठरोग जंतूमुळे होतो. तो जंतू १८७३ साली नॉर्वेतील बर्गेन येथे गेऱ्हार्ड हॅन्सेन यांनी शोधला. हा रोग त्वचेचा जितका, तितकाच मज्जातंतूंचा. त्यातील चट्टा फिकट किंवा तांबूस असतो, दुधासारखा पांढरा नसतो, आणि पुष्कळदा त्या जागेची संवेदना गेलेली असते. 'कुष्ठाने बोटे झडतात' हेही शब्दाने घातलेले भय. बोटे आपोआप झडत नाहीत. बधिर हाताला चटका, काटा, जखम कळत नाही; जखमा चिघळतात आणि हाड झिजत जाते. वेळीच उपचार झाले तर यांतले काहीच होत नाही. बहुसंख्य माणसांत या जंतूला पुरून उरणारी शक्ती जात्याच असते. १९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची उपचारपद्धती सुचवली. रोगाच्या प्रकारानुसार ६ किंवा १२ महिन्यांत तो बरा होतो, आणि औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते. २००५ च्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले. तरीही देशात दर वर्षी लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, म्हणजे काम संपलेले नाही.

या बाबतीत महाराष्ट्राची परंपरा अभिमान वाटावा अशी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहरजी दिवाण यांनी, अमरावतीच्या तपोवनात डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी आणि वरोऱ्याच्या आनंदवनात बाबा आमटे यांनी हे काम उभे केले. सेवाग्रामला संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वतः केली. मुंबईतील वडाळ्याचे कुष्ठरोग रुग्णालय १८९० चे असून ते ॲकवर्थ यांच्या नावाने ओळखले जाते. मराठीच्या विद्यार्थ्यांना हे नाव परके नाही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह ज्यांनी मराठी पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेच हे मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर. पोवाडे गोळा करणारा आणि रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांना आसरा देणारा माणूस एकच होता, हे आपल्या पाठ्यक्रमात सहसा सांगितले जात नाही.

कायद्याची भाषा सर्वांत शेवटी बदलली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नोंदलेले होते. रोग बरा होऊ लागल्यावरही ते शब्द पुस्तकात राहिले. २०१९ साली संसदेने कायदा करून ते काढले.

डॉक्टरांचे शब्द आणि आपले

कोणी म्हणेल, या घरगुती शब्दांनी एवढा घोटाळा होतो, तर सगळे टाकून शास्त्रीय शब्दच का घेऊ नयेत? पण शास्त्रीय म्हणून ज्यांचा दरारा वाटतो, ते शब्द आहेत तरी काय? अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या रॉबर्ट विलन यांनी त्वचारोगांची मांडणी डोळ्यांना काय दिसते यावरून केली. आजचे डॉक्टर त्याच पायावर बोलतात. त्यांचा 'मॅक्यूल' म्हणजे लॅटिनमधला डाग, 'पॅप्यूल' म्हणजे पुळी, 'व्हेसिकल' म्हणजे लहानशी पिशवी, पाण्याने भरलेला फोड. 'एक्झिमा' म्हणजे ग्रीकमध्ये उकळून वर येणे. अंगावर पित्त उठून गांधी येतात, त्या 'अर्टिकेरिया'त 'अर्टिका' हे एका खाजऱ्या झाडाचे नाव आहे. आपली खाजकुइली म्हणा ना! ते शब्दही कोणाच्या तरी स्वयंपाकघरातून आणि परसातूनच आले आहेत. त्यांचे पांडित्य आपल्या अंतराचे आहे.

युरोपातही शब्दांनी असाच घोळ घातला होता. 'लेप्रा' हा ग्रीक शब्द मुळात खवले पडणाऱ्या त्वचेचा. तो पुढे कुष्ठरोगाला चिकटला, आणि ज्यांना केवळ सोरायसिस होता अशी माणसेही कुष्ठरोगी ठरली. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या फर्डिनांड हेब्रा यांनी हे दोन रोग निश्चितपणे वेगळे केले. सोरायसिसमध्ये चार आठवड्यांचे पेशींचे चक्र थोड्याच दिवसांत उरकते, म्हणून खवल्यांचे थर साचतात. तो कोणाला लागत नाही.

या सोरायसिसला मराठी शब्द कोणता, असा प्रश्न मी ज्यांना विचारला त्यांनी निरनिराळी उत्तरे दिली. कोणी 'विचर्चिका' म्हणाले, कोणी 'किटिभ', कोणी 'एककुष्ठ'. मला वाटते, येथे 'सोरायसिस' हाच शब्द ठेवावा. रोग्याच्या घरी 'एककुष्ठ' हा शब्द नेला, तर ऐकणाऱ्याला त्यातले 'एक' ऐकू येणार नाही, 'कुष्ठ' तेवढे ऐकू येईल. भाषा संचालनालयाची १९६० साली स्थापना झाली, तेव्हापासून परिभाषा घडवण्याचे मोठे काम झाले आहे आणि त्याविषयी मला आदर आहे. पण परिभाषेचा शब्द निवडताना तो संस्कृतातून नीट सिद्ध होतो का, एवढेच पाहून भागत नाही. तो शब्द ज्याच्या अंगावर बसणार, त्याला तो पेलेल का, हेही पाहिले पाहिजे.

उलट, जिथे आपला शब्द स्पष्ट आहे तिथे तो निःशंकपणे वापरावा. 'चिखल्या झाल्या', 'नखुरडे झाले', 'केसतूड आले', 'कांजिण्या आल्या' असे सांगितले, तर मराठी जाणणाऱ्या डॉक्टरांना अर्धे निदान तिथेच मिळते. आणि जिथे आपला शब्द दोन रोगांची गाठ घालतो, तिथे ती गाठ आपणच सोडवावी. 'पांढरे कुष्ठ', 'श्वेतकुष्ठ' हे शब्द बोलण्यातून आणि लिहिण्यातून काढून टाकावेत. कोडाला कोडच म्हणावे. 'महारोगी' हा शब्द जुन्या संस्थांच्या नावांत इतिहास म्हणून राहू द्यावा. माणसाला मात्र 'कुष्ठरोग झालेला' म्हणावे, आणि बरा झाल्यावर तेही म्हणू नये. देवी गेलेल्या माणसाला आपण जन्मभर देवीचा रोगी म्हणत नव्हतो.

मराठीत 'कोड' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. आपण कोडकौतुक म्हणतो, लेकीचे कोड पुरवतो. हा शब्द त्या कोडाचा कोणी नातलग नाही. उच्चार तेवढा एक. पण एकाच उच्चारात लाड आणि लाज असे दोन्ही अर्थ शेजारी राहू शकतात, एवढी आपली भाषा ऐसपैस आहे. त्यांतील लाज काढून टाकणे शब्दकोशाला जमणार नाही. ते तो शब्द बोलणाऱ्यांनाच करावे लागेल, आणि बोलणारे आपणच आहोत.